बाहेरून वाफ, आतून डिझेल

आजचा विषय आमच्या घराजवळचाच आहे. लालबागहून चालत निघालात तर थोड्याच वेळात परळ वर्कशॉपच्या भिंतीशी पोहोचता. रेल्वेच्या या कारखान्याने काही वर्षांपूर्वी माथेरानच्या मिनी ट्रेनच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं. बाहेरून बघाल तर गोल बॉयलर, वर धुराडं. आत मात्र डिझेलच. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ते जुन्या ॲपची थीम नव्या कोडवर चढवल्यासारखं वाटलं.

कुणी म्हणतं, काय मस्त! कुणी म्हणतं, हे तर नकली. मला वेगळाच प्रश्न पडतो. अशी नक्कल करून आपण नेमकं काय जपतो?

त्यासाठी जरा मागे जाऊ. 16 एप्रिल 1853. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. अंतर जेमतेम 34 किलोमीटर. ही रेल्वे मुंबईत यावी म्हणून धडपडणाऱ्यांत आपल्या गिरगावचे नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय पुढे होते.

ही तिन्ही इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली. आज त्यातलं एकही कुठल्या संग्रहालयात बघायला मिळत नाही. 1953 साली रेल्वेला शंभर वर्षं झाली तेव्हा दोन आण्यांचं टपाल तिकीट निघालं. त्यावर 1853 चं इंजिन आणि 1953 चं इंजिन असं दोन्ही होतं. म्हणजे चित्र जपलं गेलं, लोखंड गेलं.

पण लोखंड जाणं एवढंच नुकसान नाही. त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट जाते.

परळचं वर्कशॉप 1879 चं. जीआयपी रेल्वेचं इंजिन दुरुस्तीचं काम तेव्हा इथे आलं. गिरण्यांसारखंच हेही गिरणगावातल्या माणसांचं पोट. माझे आजोबा इथे फिटर होते. ते आम्हाला एक गोष्ट सांगायचे. वाफेच्या इंजिनात आगीची पेटी असते आणि तिच्याभोवती पाणी. आतली भिंत आणि बाहेरची भिंत शेकडो स्टे-बोल्टनी एकमेकींना धरून ठेवलेली. वाफेच्या दाबाखाली यातले काही बोल्ट आतल्या आत तुटतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. मग काय करायचं? छोटी हातोडी घ्यायची आणि एकेका बोल्टवर टक् टक् मारत जायचं. चांगला बोल्ट खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. एक चुकला तर त्याचा भार शेजारच्यांवर, आणि असे बरेच चुकले तर बॉयलर फुटायची भीती. म्हणजे सगळं टेस्टिंग कानाने! आणि हा कान पुस्तक वाचून तयार होत नाही. जुना माणूस शेजारी उभा राहून तयार करतो.

आता माथेरानकडे वळू. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळ-माथेरान लाइन सुरू केली. साधारण 21 किलोमीटर, रूळ दोन फुटांचे. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. आणि वळणं इतकी अवघड की जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीच्या चार इंजिनांना खास अ‍ॅक्सल बसवावे लागले, वळणावर चाकं बाजूला सरकू देणारे. 1980 च्या दशकात वाफ थांबली आणि डिझेल उरलं. त्या चारांपैकी एक इंजिन आज नेरळला शोभेसाठी उभं आहे.

मग ते पुन्हा पेटवा ना, असं तुम्ही म्हणाल. तर इंग्लंडचं उदाहरण ऐका. तिथल्या हौशी लोकांनी वर्गणी काढून 2008 मध्ये ‘टॉर्नेडो’ नावाचं अख्खं नवीन वाफेचं इंजिन उभं केलं. डिझेलवर चढवलेली थीम नव्हे, खरी वाफ. पण बॉयलर बनवून घ्यायला त्यांना जर्मनीत, माइनिंगनच्या कारखान्यात जावं लागलं. ज्या देशाने जगाला रेल्वे दिली, तिथेच एवढा मोठा बॉयलर करणारा कारखाना उरला नव्हता. ड्रॉइंग होती, पैसे जमवले. कारागीर मात्र वर्गणीतून येत नाहीत.

म्हणून परळच्या इंजिनाला मी नकली म्हणून हसत नाही. माथेरानची लाइन पावसाळ्यात वारंवार मोडते. 2005 च्या पावसात गेली, 2019 ला पुन्हा गेली आणि नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. गावात मोटारींना बंदी, त्यामुळे तिथल्या लोकांसाठी ही गाडी म्हणजे धंदापाणी. त्यांना रोज चढणारं इंजिन हवं, आणि डिझेल ते काम करतं. शिवाय ते धुराडं, तो पत्रा परळच्या हातांनी वाकवलाय.

काळजी आहे ती त्या हातांची. वर्कशॉपच्या जागेवर बाहेरगावच्या गाड्यांचं टर्मिनस करायचा प्रस्ताव निघाला, तेव्हा कामगारांनी विरोध केला. मुंबईला टर्मिनस नको असं मी म्हणणार नाही. रोज लोकलला लटकणाऱ्याने ते म्हणूही नये. पण लोअर परळला फिनिक्स मिलचं धुराडं मॉलमध्ये अजून उभं आहे, ते बघा. धुराडं राहिलं. त्याखाली साचा कसा चालवायचे, हे सांगणारे किती राहिले?

धुराडं जपणं सोपं असतं, ते फोटोत छान येतं. स्टे-बोल्टचा आवाज फोटोत येत नाही.

तेव्हा मंडळी, या भागात लाइक-शेअरचं सांगत नाही, एक काम सांगतो. तुमच्या चाळीत, नात्यात कुणी जुने फिटर असतील, फायरमन असतील, गिरणीतले जॉबर असतील, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, काम नेमकं कसं करायचात? हत्याराचं नाव काय? बिघाड कसा ओळखायचात? बोलताना त्यांना टेबलावर टक् टक् करून दाखवू द्या, मध्ये थांबवू नका. माझे आजोबा गेले तेव्हा माझ्याकडे साधा फोनही नव्हता. तुमच्याकडे तो आत्ता कानाशीच आहे.