शिफारशीपासून रेझ्युमेपर्यंत

कशेळी म्हटलं की कोकणातल्या माणसाला राजापूर तालुक्यातला कनकादित्य आठवतो. ही कशेळी वेगळी. ठाण्याच्या बाळकुमकडून खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुक्यात लागते ती. खाडीतली रेती, भातशेती, जवळ भिवंडीचे यंत्रमाग. यातल्या कुठल्याच कामासाठी अर्ज लिहावा लागत नसे. मागावर लागायचं तर ओळखीचा माणूस लागे; तो मुकादमाशी बोलला की काम झालं.

मुंबईच्या गिरण्यांतही नोकरी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हातात होती आणि त्यापायी कामगाराला त्याचे हात ओले करावे लागत. त्याला आळा घालायला गिरणी मालकांच्या संघटनेनं 1935 मध्ये बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. कार्ड असेल त्यानं रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं, कुणी गैरहजर असेल तिथे त्याला घ्यायचं. कामगाराच्या खिशात कागद आला, पण त्यावर स्वतःबद्दल काही लिहायची सोय नव्हती.

कचेरीतल्या नोकरीचं जग निराळं. मुंबई विद्यापीठ 1857 चं. 1862 मध्ये रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे चौघे त्याचे पहिले पदवीधर झाले, तेव्हा पदवी हीच शिफारस होती. पदवीधर वाढले आणि अर्जांचे गठ्ठे साचू लागले. 1959 च्या कायद्यानं रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक झालं.

त्या काळचा बायोडाटा डोळ्यांसमोर आणा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात-धर्म, वैवाहिक स्थिती, टंकलेखनाचा वेग. सोबत गुणपत्रिकांच्या सत्यप्रती, त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. तो मिळवायला निम्मा दिवस जाई. 2015 मध्ये राज्यानं स्वतःच्या सहीची प्रत चालेल असं ठरवलं. मुलगा कुणाचा हे त्या कागदावरून चोख कळे. त्याला काय येतं हे मात्र टंकलेखनाच्या आकड्यापलीकडे फारसं कळत नसे.

दरम्यान कशेळी बदलली. मुंबईच्या जकात नाक्यांबाहेर माल ठेवणं स्वस्त, ग्रामपंचायतीचे कर हलके. म्हणून भिवंडीच्या आसपास गोदामं उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली आणि वाढली. हमाली आजही बरीचशी ठेकेदारामार्फत चालते. संगणकाच्या टेबलावर बसायचं तर रेझ्युमे लागतो.

तो लिहिताना भिवंडीच्या कॉलेजातली पोरं ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ असं लिहून मोकळी होतात. हे कोण लिहीत नाही? दिवाळीच्या गर्दीत महिनाभर गोदामात काम केलेल्या मुलानं लिहावं: हातातल्या स्कॅनरनं आवक माल नोंदवला, संध्याकाळी साठा पुस्तकाशी जुळवला, रोज अमुक खोकी. आकडा खरा हवा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो. घरच्या मागांचा सुताचा आणि तयार ताग्यांचा हिशेब ठेवणारी मुलगी तर हा अनुभव ‘घरचं काम’ म्हणून लिहीतच नाही. खरं तर ‘टॅली येतं’ या ओळीपेक्षा तो वजनदार आहे. अनुभव थोडा म्हणून एक पान पुरतं, आणि ज्या जागेसाठी अर्ज तिच्या उपयोगाचं सगळ्यात वर.

वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती खुशाल काढावी. तळाशी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ ही ओळ असते, तिची गरज सरकारी अर्जाला. खासगी कंपन्या ती सहसा मागत नाहीत. झेरॉक्सवाल्याच्या संगणकातल्या तयार साच्यात मात्र ती अजून ठाण मांडून आहे.