छोटा मायक्रोफोन आणि मैफिलीची नोंद
श्रोत्याने केलेले जुन्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण हे इतिहासाचे साधन आहे. ते वापरताना प्रथम विचारा: मायक्रोफोन कोणता होता आणि कुठे होता?

पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार झालेल्या कंडेन्सर मायक्रोफोनच्या पडद्याला बाहेरून विद्युतदाब पुरवावा लागे. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी विद्युतभार दीर्घकाळ धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वापरला. हा इलेक्ट्रेट मायक्रोफोन पुढे लहान व स्वस्त झाला. छोट्या बॅटरीवर चालणारा मायक्रोफोन कॉलरला लावून श्रोताही मुद्रण करू शकला.

पण निवड सोपी नव्हती. सर्व दिशांचा आवाज घेणारा मायक्रोफोन लपवणे सोपे. मात्र तो शेजाऱ्याच्या गप्पाही टिपे. एकदिश मायक्रोफोनमध्ये गप्पा कमी येत; मात्र तो मंचाकडे रोखावा लागे, म्हणून नजरेत भरे.

या लपवाछपवीमागे संमतीचा प्रश्न होता. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने १९८४ मध्ये मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागा राखली. तिथे लपवण्याची गरजच उरली नाही. म्हणून अशा साधनाची पारख करताना आवाजाच्या दर्जाइतकीच कलावंताची संमतीही तपासा.