अनलॉक फोन: कायद्याचे कुलूप, लहरींची भिंत

२६ जानेवारी २०१३ नंतर अमेरिकेत घेतलेला नवा मोबाइल सेवा कंपनीच्या संमतीविना अनलॉक करणे बेकायदा ठरले. आधार होता चक्क कॉपीराइट कायद्याचा. व्हाइट हाउसकडच्या याचिकेवर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांच्या स्वाक्षरीने ग्राहकाचा हक्क परतला.

मालकी मिळाली, मुक्त संचार मात्र नाही. व्हेरायझन व स्प्रिंटचे जाळे तेव्हा सीडीएमएचे होते, एटी अँड टी व टी-मोबाइलचे जीएसएमचे. एकीकडचा हँडसेट दुसरीकडे अनेकदा मुका राही. २०२२ मध्ये एटी अँड टीने ३जी बंद केले, तेव्हा ४जीवरून बोलण्याची सोय नसलेले अनलॉक फोनही त्या जाळ्यावर मुके झाले.

म्हणून खरेदीपूर्वीचे प्रश्न दोन: फोनला कुलूप आहे का, आणि आपल्या कंपनीचे बँड व ४जी कॉल त्यावर चालतात का? पहिला प्रश्न कायद्याने सोडवला. दुसरा ग्राहकालाच विचारावा लागतो.