टपाने हाकललेली दांडी

जुन्या आलिशान गाड्यांत रेडिओ सुरू केला की मडगार्डमधून एक चकचकीत दांडी घूं-घूं आवाज करीत वर येई आणि रेडिओ बंद करताच पुन्हा आत जाई. ही मोटरवर चालणारी एरियल. अशी गाडी आजही जपणाऱ्या हौशी मंडळींची नेहमीची तक्रार असते : मोटर फिरते, पण दांडी हलत नाही. ही दुरुस्ती समजून घ्यायची, तर दांडी मुळात मडगार्डवर आली कशी, इथून सुरुवात केली पाहिजे.

१९३० साली शिकागोचे पॉल गॅल्विन आपल्या गाडीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीतील रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला गेले. या रेडिओचे नाव 'मोटोरोला'. त्या काळच्या बंद गाड्यांचा टप पूर्ण पत्र्याचा नसे. मधल्या भागात लाकडी पट्ट्या, तारेची जाळी, अस्तर आणि वर पाणी न झिरपणारे कापड असे. ती जाळीच एरियल म्हणून वापरता येई. बाहेरून काहीच दिसत नसे.

१९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप आणला. टप मजबूत झाला, गळेनासा झाला. पण त्याखालची एरियल निकामी झाली. का बरे?

याचे उत्तर वर्गातच पाहता येईल. एक लहान ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावा. आधी तो वर्तमानपत्रात गुंडाळा. काही फरक पडत नाही. मग अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये फट न ठेवता गुंडाळा. आवाज क्षीण होतो, बहुधा नुसती खरखर उरते. रेडिओलहरींमुळे धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते आतले क्षेत्र जवळजवळ नाहीसे करतात. एखादा विद्यार्थी विचारील, "गाडीला तर खिडक्या असतात!" प्रश्न उत्तम आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र वर्षानुवर्षे ७९२ किलोहर्ट्झवर ऐकले गेले. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. एवढ्या लहरीपुढे गाडीची खिडकी म्हणजे बारीकसे छिद्रच.

टपाने हाकललेली एरियल काही काळ फूटबोर्डाखाली राहिली. तिथे चिखल आणि दगडांचा मार. अखेर ती उघड्यावर, मडगार्डवर उभी राहिली. तिची उंची किती असावी? लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश दांडी चांगले काम देते. पुणे केंद्रासाठी हा हिशेब सुमारे ९५ मीटर येतो! ते अशक्यच, तेव्हा मिळेल तेवढ्यावर भागवायचे. पण १०० मेगाहर्ट्झच्या एफ.एम. लहरीची लांबी ३ मीटर असते, म्हणजे दांडी ७५ सेंटिमीटरची हवी. एवढी दांडी गाडीवर सहज मावते.

मात्र उभी दांडी फांदीला अडकते, वाकते, कोणी मोडूनही नेते. म्हणून ती नळीत नळी सरकणारी केली गेली. १९४० च्या दशकात काही अमेरिकन गाड्यांत ती इंजिनाच्या शोषणाने वर-खाली होई. वायपरही तेव्हा बऱ्याच गाड्यांत याच शोषणावर चालत. पुढे विजेची मोटर आली. सर्वांत आतल्या नळीला नायलॉनची दातेरी दोरी जोडलेली असते. मोटरवरचे चक्र तिचे दाते पकडून तिला वर ढकलते किंवा खाली ओढून गुंडाळते.

आता तक्रारीकडे वळू. मोटर फिरते म्हणजे वीज पोचते आहे. दांडी हलत नाही म्हणजे बहुधा दोरी तुटली किंवा तिचे दाते झिजले. अनेक गाड्यांत दुरुस्ती अशी : वरची नट काढून रेडिओ सुरू करायचा. मोटर दोरी बाहेर ढकलते, तेव्हा दांडी अलगद ओढून घ्यायची. नव्या दांडीची दोरी, दाते चक्राच्या बाजूला ठेवून, आत सरकवायची आणि रेडिओ बंद करायचा. मोटर ती ओढून घेते. तुटलेला तुकडा आत राहिला असेल, तर मात्र पेटी उघडावीच लागते.

निगा त्याहून सोपी. दांडी पूर्ण वर आणून कोरड्या फडक्याने पुसावी. पातळ तेलाचा हात फिरवून तेही पुसून घ्यावे. ग्रीस लावू नये, त्यावर धूळ बसते आणि दांडी अडकते. पावसाचे पाणी नळीतून खाली उतरते. ते निघून जाण्याची वाट चिखलाने बुजली, तर मोटर गंजते. रेडिओत खरखर वाढली, तर एरियलच्या बुडाशी गंज पाहावा. तिथे पत्र्याशी स्वच्छ जोड हवा.

१९६९ च्या सुमारास काही गाड्यांत एरियलची बारीक तार समोरच्या काचेत गेली आणि पुढील काही दशकांत मोटरवरची दांडी मागे पडली. आज अनेक गाड्यांच्या टपावर माशाच्या कल्ल्यासारखा छोटा उंचवटा दिसतो. त्यातल्या एरियलींना खालच्या पत्र्याचा आधारच होतो. ज्या टपाने एरियलला हाकलले, तोच आता तिला डोक्यावर घेऊन फिरतो.

पण हा उंचवटा बिघडला, तर तो बहुधा अख्खाच बदलतात. जुन्या दांडीत एक दोरी बदलून भागे आणि दोष कुठे आहे, हे कानाने ऐकून ताडता येई. असे एखादे जुने यंत्र मिळाले, तर भंगारात देण्याआधी मुलांसमोर जरूर उघडा.