नोंदवहीतला रिकामा रकाना



स्मरणिका समितीने 'शाळेच्या ग्रंथालयाचा इतिहास तू लिही' असे सांगितले, तेव्हा मी बेफिकिरीनेच हो म्हटले. जिन्याजवळची अरुंद खोली, चार कपाटे, एक टेबल. त्याचा इतिहास तो काय असणार! मग कार्यालयातून जुन्या देवघेवीच्या नोंदवह्या हाती आल्या. शिवण सुटलेल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. दोन शनिवार त्या चाळत बसले आणि उठताना मनात एक प्रश्न घेऊन उठले. तो प्रश्न या लेखात तुमच्यापुढे ठेवणार आहे, कारण त्याचा संबंध आपण जमवत असलेल्या निधीशी आहे.

आधी नोंदवह्या काय सांगतात ते पाहू. सत्तरच्या दशकातली पाने उघडली की बहुतेक नावे शिक्षकांची दिसतात. मुलांची नावे येतात ती वक्तृत्व स्पर्धेच्या किंवा निबंध स्पर्धेच्या आसपास, तीही हुशार म्हणून ठरलेल्या चार-पाच जणांची. पुस्तके नव्हती असे मुळीच नाही. दाखलवहीत 'श्यामची आई' आहे, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची पुस्तके आहेत. बालभारतीने नोव्हेंबर 1971 मध्ये सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे अंक वर्षावर बांधून ठेवलेले आहेत. सगळे होते, पण कुलपात.

ते कुलूप कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हते. ग्रंथालय सांभाळणे हे तेव्हा एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडलेले जादा काम. वर्षअखेरीस साठ्याची पडताळणी व्हायची आणि गहाळ पुस्तकाचा जाब त्याच माणसाला द्यावा लागायचा. पुस्तक मुलाच्या हाती गेले नाही म्हणून कधी कोणी विचारले नाही. परत आले नाही तर मात्र विचारणा होई. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावणार. ही गोष्ट आपल्याच शाळेची नव्हती. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी असतात असा आहे. इतकी साधी गोष्ट नियम म्हणून सांगावी लागली, यावरूनच काय ते समजावे.

जून 1981 पासून नोंदवहीचे अक्षर बदलते. आपण आठवीत गेलो ते वर्ष. ग्रंथालय नव्या बाईंकडे आले आणि त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, मधल्या सुट्टीत कपाटे उघडी ठेवली. त्याआधी यादीत बघून चिठ्ठी द्यायची आणि शिपाईमामा काढून देतील ते घ्यायचे. आता पुस्तक हातात घेऊन, चित्रे बघून, नको असेल तर परत ठेवून देता येऊ लागले. दुसरी, प्रत्येक वर्गाला पत्र्याची एक पेटी दिली. आपल्या वर्गाची पेटी हिरवी होती आणि तिची कडी लागत नसे, हे आठवत असेल. पेटीची कल्पना बाईंची नव्हे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावून घेतले. संस्थानातल्या गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती वाचनालये त्याच चळवळीतली. बाई बडोद्याच्या माहेरवाशीण होत्या. त्यांनी ती पेटी गावांऐवजी वर्गांत फिरवली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी मुख्याध्यापकांकडून वाचनासाठी मागून घेतला, आणि त्या तासाला वर्गशिक्षकांनीही वर्गात बसून वाचायचे, असे कबूल करून घेतले. आपले गणिताचे सर पहिल्या शनिवारी वर्तमानपत्र घेऊन आले होते. दिवाळीनंतर ते पेटीतले पुस्तक मागू लागले. बाई एखाद्या वर्गात येऊन गोष्टीची दोन-चार पाने मोठ्याने वाचत आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटत. त्यानंतर त्या पुस्तकासाठी जी ओढाताण व्हायची, तिची साक्ष फाटक्या मुखपृष्ठांनी दिली आहे.

आपल्या वर्गात एकजण कोकणातून नुकताच आला होता. आठवीत असूनही त्याला अक्षरे जोडून वाचावी लागत. बाई त्याला पाचवीच्या पेटीतली मोठ्या टायपातली पुस्तके देत, पण त्यांना खाकी कागदाचे कव्हर घालून, म्हणजे कोणी हसायला नको. हे गुपित मला माहीत होते, कारण कव्हरे घालायला मीच बसत असे. सहामाहीनंतर त्याच्या पुस्तकांची कव्हरे गेली. तो आपल्याच पेटीतले घेऊ लागला होता.

मग 18 जानेवारी 1982 आली. गिरणी संपाने आपल्यापैकी निम्म्या घरांचा पगार थांबला. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर वडील बसलेले, आई कोणाकडे तरी कामाला गेलेली. नोंदवहीत मला वाटले होते की या पानांवर नावे कमी होतील. तशी ती झाली नाहीत. शाळा सुटल्यावरही मुले त्या खोलीत बसून राहत, कारण घरी जाऊन करायचे काय? आणि नोंदवहीत नसलेले एक वाचक मी सांगते: माझे बाबा. माझ्या नावावर आलेली पुस्तके त्या उन्हाळ्यापर्यंत ते माझ्याआधी वाचून संपवत. शिवणखात्यात वीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या हातात मी पहिल्यांदा पुस्तक पाहिले ते तेव्हा.

कोकणातला तो मित्र फेब्रुवारीत गेला. वडील गावी परतले, त्याचे नाव पटावरून कमी झाले. नोंदवहीत त्याच्या नावापुढे पुस्तक दिल्याची तारीख आहे. 'परत' हा रकाना रिकामा आहे. शेजारी शेऱ्याच्या जागी बाईंनी 'गहाळ' लिहिलेले नाही. लिहिले आहे, 'मुलाकडे आहे'. खाली पुस्तकाची किंमत भरल्याची नोंद आणि त्यांचीच सही.

बाई 1990 मध्ये निवृत्त झाल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत शनिवारचा तास दहावीच्या जादा वर्गाला गेला, पेट्या माळ्यावर गेल्या आणि नोंदवहीत पुन्हा शिक्षकांचीच नावे उरली. पुस्तके तीच होती, खोली तीच होती. माझा प्रश्न तो हाच: मग बदलले काय होते?

याचे उत्तर आपल्याच आठवणींतून काढले तर ते गोड लागेल, म्हणून बाहेरचे पुरावे पाहिले. शेजारच्या कर्नाटकात अक्षरा फाउंडेशनने शाळांसाठी चालवलेल्या ग्रंथालय कार्यक्रमाचा अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोर अभ्यास केला. काही शाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून ग्रंथालय दिले, काहींना दिले नाही, आणि 16 महिन्यांनी मुलांची भाषेची चाचणी घेतली. दोन्हींत फरक आढळला नाही. वाचून मी नाराज झाले, खोटे कशाला बोलू? पण त्याच अभ्यासकांपैकी एकाने सहकाऱ्यांसह फिलिपिन्समधल्या तार्लाक प्रांतात दुसरा कार्यक्रम तपासला. तिथे चौथीच्या वर्गांना वयाजोगी पुस्तके दिली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि 31 दिवस रोज शाळेच्या वेळेतच वाचन घेतले. तिथे मुलांचे वाचन खरोखर सुधारले. मात्र कार्यक्रम थांबल्यावर तीन महिन्यांनी त्या सुधारणेचा साधारण निम्माच भाग उरला होता.

हे दोन अभ्यास आणि आपली नोंदवही शेजारी ठेवली की मला एवढे दिसते: नुसते ग्रंथालय दिल्याने मुले चांगली वाचू लागतील याची हमी नाही. पुस्तके खोलीतून निघून वर्गात, वेळापत्रकात आणि वर्गशिक्षकांच्या हातात गेली, तरच काही घडते. आणि ते थांबले की ओसरू लागते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय बंधनकारक केले, हे मोठेच पाऊल. पण कायदा कपाट आणून देतो. ते उघडायचे कोणी आणि कितव्या तासाला, हे शाळेलाच ठरवावे लागते.

आज शाळेच्या ग्रंथालयात काचेची कपाटे आहेत, संगणकावर यादी आहे. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी टेबलांवर पुस्तके छान मांडली जातात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. कपाटांना कुलपे होती. किल्ली ज्या तरुण शिक्षिकेकडे आहे तिने संकोचून सांगितले, "ताई, एखादं पुस्तक गेलं तर माझ्यावर येतं ना." चाळीस वर्षांत शब्दसुद्धा बदलले नाहीत.

आपल्या तुकडीने ग्रंथालयाच्या नव्या दालनासाठी निधी जमवायला घेतला आहे. वातानुकूलित दालन, दारावर आपल्या 1984 च्या तुकडीच्या नावाची पाटी. माझी नम्र सूचना वेगळी आहे. ही रक्कम ठेवीत ठेवावी. तिच्या व्याजातून दरवर्षी हरवलेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांची भरपाई व्हावी, म्हणजे कोणत्याही शिक्षिकेला पडताळणीची भीती राहणार नाही. उरलेल्या पैशांतून प्रत्येक वर्गाला एक पेटी द्यावी. आणि बदल्यात शाळेकडे एकच मागणे मागावे: आठवड्यातला एक तास, वर्गशिक्षकांसह. पाटी लागणार नाही, उद्घाटनाला फीतही कापता येणार नाही. पण काही वर्षांनी कोणी नोंदवही उघडली, तर तिच्यात मुलांची नावे सापडतील.

आणि सर्वांना एक विनंती. फेब्रुवारी 1982 मध्ये आपला वर्ग सोडून गेलेल्या त्या मित्राचा पत्ता कोणाला लागला, तर मेळाव्याचे आमंत्रण त्याला जरूर पोहोचवा. पुस्तक परत आणायची गरज नाही, हेही सांगा. बाईंनी त्याचा हिशेब तेव्हाच मिटवला आहे.