जांभ्याची चर्चेस आणि आजीचं देऊळ

आज गोवा. पण बीच नाही, शॅक नाही. ओल्ड गोवा. मॅपवर ‘गोवा वेल्हा’ टाकू नका हां, ते वेगळं गाव आहे, भलतीकडे पोचाल.

आमचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. लहानपणापासून दर दोन-तीन वर्षांनी फोंड्याला जाणं ठरलेलं. येता-जाता ओल्ड गोव्याच्या चर्चेसचे मनोरे दिसायचे आणि आजी खिडकीतून तोंड फिरवायची. ‘आपली देवळं मोडली त्यांनी’, एवढंच म्हणायची. त्यामुळे मी पहिल्यांदा आत गेलो तो थेट सत्ताविसाव्या वर्षी, एकटा.

आजी खोटं बोलत नव्हती. २५ नोव्हेंबर १५१० ला अल्बुकर्कने आदिलशाहीकडून हे शहर घेतलं. तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून इथलं सर्वात मोठं चर्च, से कॅथेड्रल, तिच्या नावाने आहे. बांधकाम १५६२ ला सुरू झालं. त्याच सुमारास साष्टीतली देवळं पाडली जात होती आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात आलं होतं, ते अधलंमधलं एक खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. केळोशीची शांतादुर्गा लोकांनी रातोरात हलवली म्हणतात. नदीपलीकडे फोंडा तेव्हा आदिलशहाच्या ताब्यात होता, म्हणून देव तिकडे गेले. हे डोक्यात ठेवून कॅथेड्रलच्या सोनेरी वेदीसमोर उभं राहिलं की छान वाटतंय की राग येतोय, हेच कळत नाही.

पण बघायचं कसं, ते सांगतो. से कॅथेड्रलला दोन मनोरे होते, एक १७७६ ला कोसळला. म्हणून बाहेरून ते एका बाजूला तोल गेल्यासारखं दिसतं. समोर बॉम जिझस. १६०५ मध्ये पूर्ण झालं. आत संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत, ते चांदीच्या पेटीत, आणि पेटीखालची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या फॉजिनीने केलेली, १६९८ ची. इटलीतून सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडले! माझ्या मते मात्र इथली खरी भारी गोष्ट दर्शनी भिंत आहे. तांबडा जांभा, आणि नक्षीकामाला काळा बेसाल्ट, जो वसईकडून आणला. आपल्याकडचा दगड.

तो तांबडा रंग सगळ्यांच्या फोटोत आहे, पण तो मुळात दिसायलाच नको होता. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून कोकणातल्या घरांसारखाच या चर्चवरही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज जतनकारांनी ‘जुनं दिसावं’ म्हणून तो खरवडून काढला. तेव्हापासून दर पावसाळ्यात दगड झिजतोय. आता पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद आहे. मी गिलाव्याच्या बाजूचा. पोस्टकार्डसाठी इमारत झिजवायची का?

सेंट ऑगस्टिनचं तर असंच झालं. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद करून मठ रिकामा केला, १८४२ ला छत पडलं, १९३१ ला मनोऱ्याचा अर्धा भाग. आज ४६ मीटरचा एक सुळका उभा आहे, आणि आत फरशीला थडगी. तिथली मोठी घंटा आता पणजीच्या चर्चवर वाजते.

आता आजीकडे परत येऊ. त्याच संध्याकाळी मी कवळ्याला गेलो आणि पहिल्यांदा देऊळ नीट बघितलं. आत्ताची इमारत अठराव्या शतकातली, शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली. अर्धगोल कमानीच्या खिडक्या, भिंतीत अर्धे गुंतलेले खांब, अष्टकोनी पायावरचा घुमट, आत झुंबरं. दीपमाळही मजल्यामजल्यांची, चर्चच्या मनोऱ्यासारखी. सगळं नदीपलीकडून आलेलं! कारागीर एकाच मातीतले, एकीकडे शिकलेलं दुसरीकडे वापरत होते. चर्चच्या १५६७ च्या सभेने हिंदू कारागिरांना ख्रिस्ती मूर्तीचं काम देऊ नये असा नियम केला होता. नियम करावा लागला, म्हणजे काम दिलं जात होतंच.

रात्री आजीला दोन फोटो पाठवले, एक खिडकी चर्चची, एक देवळाची. कुठली कुठली ते सांगितलं नाही. तिचा फोन आला. ‘दोन्ही आपल्या देवळाच्याच ना रे?’

मी सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पुढच्या वेळी गाडी थांबव तिथे. आत येणार नाही. बाहेरून बघेन.’