पाहुण्या गॅलरीची कुळकथा

येरवड्यातल्या फुटबॉलवेड्याला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत मॅच बघायची असेल, तर नदी ओलांडून सगळं पुणं पूर्वेकडून पश्चिमेकडे पार करावं लागतं. मुंबईहून येणाऱ्याचं तसं नाही. एक्स्प्रेस-वे संपवून तो बायपासला लागतो आणि शहराच्या गर्दीत शिरण्याआधीच स्टेडियम गाठतो. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी विरुद्ध मुंबई सिटी एफसी या लढतीला ‘महा डर्बी’ हे नाव पडलं, तेव्हा बालेवाडीतल्या मॅचला यजमान शहरातला पाठीराखा लांबचा आणि पाहुणा जवळचा, अशी स्थिती होती.

कोण कुठल्या रस्त्यानं येणार, कुठल्या दारानं आत जाणार, कुठल्या गॅलरीत बसणार आणि मुळात किती जणांना तिकीट मिळणार, हे मॅचच्या कितीतरी आधी कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये याचं उत्तर नियमातच लिहिलेलं आहे: पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं, मैदान ३०,००० पेक्षा लहान असेल, तर क्षमतेच्या १० टक्के. या आकड्यामागे रेल्वे आहे, शनिवारची अर्धी सुट्टी आहे, चेंगराचेंगरीत गेलेले जीव आहेत आणि तिकिटांच्या दरासाठी भांडलेले पाठीराखे आहेत.

सुरुवात गिरण्यांपासून होते. इंग्लंडमध्ये १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायला लावलं. तेवढे हात थांबले की गिरणीही थांबायची. शनिवारची दुपार अशी मोकळी झाली आणि फुटबॉलनं ती व्यापली. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणगावातल्या संघानं बड्या घरच्या ओल्ड इटोनियन्सना हरवून एफए कप उत्तरेला नेला. पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या पाठीराख्यांची झुंड रेल्वेनं लंडनला उतरली आणि त्यांचे कपडे, त्यांची बोली यांवर लंडनच्या वर्तमानपत्रात नाकं मुरडली गेली. परगावी जाऊन आपल्या संघासाठी घसा कोरडा करणारा माणूस तेव्हापासून दिसू लागला. रेल्वे कंपन्यांनी त्याच्यासाठी खास गाड्या सोडल्या. मॅच बघायची आणि रात्री घरी परतायचं, असा बेत कामगाराच्या आवाक्यात आला.

पण मैदानात त्याच्यासाठी वेगळी जागा नव्हती. फिरत्या फाटकाशी पैसे द्यायचे, आत शिरायचं आणि पायऱ्यांवर मिळेल तिथे उभं राहायचं. यजमान आणि पाहुणे एकमेकांत मिसळलेले असत. आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार, त्या गोलमागे उभं राहायची हौस असे. त्यामुळे मध्यांतराला संघांनी बाजू बदलल्या की दोन्हीकडचे हजारो लोक मैदानाला वळसा घालून या टोकाचे त्या टोकाला जात. वाटेत एकमेकांना टोमणे मारत आणि पुढे सरकत. आजच्या कडेकोट बंदोबस्ताच्या काळात यावर विश्वास बसत नाही, पण ही रीत कित्येक दशकं चालली.

आपल्याकडेही हेच झालं. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट यांच्यात आयएफए शील्डची अंतिम लढत झाली. बंगालच्या कानाकोपऱ्यातून माणसं रेल्वेनं आणि बोटींनी आली. रुपया-दोन रुपयांची तिकिटं ब्लॅकमध्ये १५ रुपयांपर्यंत गेली. ज्यांना मैदान दिसत नव्हतं, त्यांना गोल कळावा म्हणून पतंग उडवले गेले. अनवाणी खेळणारा बागान २-१ नं जिंकला. किती माणसं येणार याचा हिशेब मात्र आधी कुणी केला नव्हता.

तो हिशेब करणं २८ एप्रिल १९२३ रोजी भाग पडलं. लंडनच्या नव्याकोऱ्या वेम्बली स्टेडियमवर बोल्टन आणि वेस्ट हॅम यांची एफए कपची अंतिम मॅच होती. तिकिटं बहुतेक दारातच मिळणार होती. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे, पण प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोक आत घुसले, असा अंदाज आहे. गर्दी थेट मैदानात उतरली. जॉर्ज स्कोरी या पोलिसानं आपल्या बिली नावाच्या घोड्यावर बसून ती संयमानं मागे सारली आणि मॅच पाऊण तास उशिरा सुरू झाली. छायाचित्रांत तो करडा घोडा पांढरा दिसतो, म्हणून ती मॅच ‘पांढऱ्या घोड्याची फायनल’ म्हणून ओळखली जाते. पुढच्या वर्षीपासून अंतिम मॅचला आधी तिकीट काढल्याशिवाय प्रवेश मिळेनासा झाला. माणसं आधी मोजायची आणि मग आत सोडायची, ही कल्पना इथे रुजली. पाहुण्यांच्या वाट्याची तिकिटं तिच्यातूनच पुढे आली, कारण तिकिटांची संख्या बांधली गेली की ती कुणाला किती, हा प्रश्न येतोच.

तरी साध्या मॅचना दारात पैसे घेणं चालूच राहिलं. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्या बर्न्डेन पार्कवर स्टोक सिटीविरुद्धच्या कपच्या मॅचला तुडुंब गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरीत ३३ माणसं गेली. १९६०-७० च्या दशकांत मारामाऱ्या वाढल्या, तसे पाहुणे वेगळे काढले जाऊ लागले. स्टेशनवर उतरल्यापासून पोलिसांचा गराडा, वेगळं दार, वेगळ्या पायऱ्या आणि भोवती लोखंडी जाळी. पाहुण्याला अखेर स्वतःची जागा मिळाली, पण ती पिंजऱ्यासारखी होती.

मग नऊ वर्षांत तीन शहरांत तीन दुर्घटना घडल्या. त्या तिन्हींच्या मुळाशी गेलं की तिकिटांचं वाटप सापडतं.

१६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बेंगाल आणि मोहन बागान यांची मॅच होती. दोन्हीकडचे पाठीराखे एकाच गॅलरीत शेजारी-शेजारी बसवलेले होते. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, दोघांना बाहेर काढलं गेलं आणि गॅलरी पेटली. पळापळीत १६ जण मृत्युमुखी पडले. तो दिवस कोलकात्यात आजही ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळतात आणि रक्तदान करतात.

२९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात युरोपियन कपची अंतिम मॅच होती. लिव्हरपूलच्या लोकांना खेटून असलेला ‘झेड’ भाग तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी राखला होता. ती तिकिटं हातोहात फिरली आणि मोठ्या संख्येनं युव्हेंटसच्या पाठीराख्यांकडे पोचली. मध्ये होतं ते तकलादू कुंपण. लिव्हरपूलच्या बाजूनं हल्ला झाला, लोक मागे भिंतीकडे पळाले, भिंत कोसळली आणि ३९ जीव गेले. कागदावर तटस्थ असलेली जागा प्रत्यक्षात तशी राहिली नव्हती आणि हे कुणी पडताळून पाहिलं नव्हतं.

तिसरी घटना शेफील्डच्या हिल्सबरोची, १५ एप्रिल १९८९ ची. एफए कपची उपांत्य मॅच होती, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मैदान तिसऱ्याचं, म्हणून दोघंही पाहुणे. लिव्हरपूलच्या मागे येणारी माणसं जास्त. तरी त्यांना २४,२५६ तिकिटं मिळाली आणि फॉरेस्टला २९,८००. कारण पोलिसांनी मैदानाची टोकं येण्याच्या दिशेवरून वाटली. लिव्हरपूलकर ज्या बाजूनं शहरात येतात, ते लेपिंग्ज लेनचं टोक त्यांना दिलं, म्हणजे दोन्हीकडचे लोक रस्त्यात भेटणार नाहीत. लेपिंग्ज लेनचं टोक लहान होतं. लिव्हरपूल क्लबनं या वाटपावर हरकत घेतली होती, ती मान्य झाली नाही. लिव्हरपूलच्या सगळ्या पाठीराख्यांसाठी २३ फिरती फाटकं होती. त्यातली उभ्यानं बघणाऱ्या १०,१०० जणांच्या वाट्याला फक्त सात. फॉरेस्टच्या लोकांसाठी मात्र ६०.

१०,१०० भागिले सात हा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल: एका फाटकातून जवळपास १,४५० माणसं. फाटकं वेळेत ती आत घेऊ शकली नाहीत आणि बाहेर कोंडी झाली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर जाण्याचं मोठं दार उघडलं. आत शिरलेली माणसं समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या दोन पिंजऱ्यांत गेली. ते पिंजरे आधीच खच्चून भरलेले होते, पण बोगदा कुणी बंद केला नाही. ३ वाजून ६ मिनिटांनी मॅच थांबवली. एकूण ९७ जणांचे प्राण गेले. त्यातल्या शेवटच्या माणसाचा मृत्यू, त्या दिवशीच्या इजांमुळे, २०२१ साली झाला. दोष दारू पिऊन आलेल्या पाठीराख्यांचा, असा कांगावा कित्येक वर्षं चालला. २०१६ मध्ये ज्यूरीनं स्पष्ट निकाल दिला: या माणसांचा बेकायदेशीरपणे बळी गेला आणि पाठीराख्यांचा काहीही दोष नव्हता. पोलिसांनी गर्दी हाताळताना केलेल्या चुका हेच मुख्य कारण होतं. पण त्या दुपारची कोंडी तिकिटं वाटली तेव्हाच ठरून गेली होती, असं हे आकडे वाचताना मला ठामपणे वाटतं.

जानेवारी १९९० मध्ये हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल आला. जाळ्या गेल्या, मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची आली आणि खुर्चीला नंबर आला. नंबर आल्यामुळे पाहुण्यांचा वाटा नेमका मोजता येऊ लागला. आज एफए कपमध्ये पाहुण्या क्लबला क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत तिकिटं मागता येतात. युरोपच्या स्पर्धांत किमान ५ टक्के जागा वेगळ्या आणि सुरक्षित भागात राखाव्या लागतात.

वाटा मिळाला, पण तो परवडायला हवा. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलनं मँचेस्टर सिटीच्या लोकांसाठी तिकीट ६२ पौंडांना ठेवलं, तेव्हा ३,००० पैकी ९१२ तिकिटं न विकता परत गेली. पाठीराख्यांच्या संघटनांनी ‘वीस पौंड पुरे’ अशी मोहीम चालवली. वीसवर तोडगा निघाला नाही, पण २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आली. वाद त्यानंतरही आहेत. तिकिटं कमी आणि मागणारे जास्त, म्हणून बरेच क्लब आधी किती परगावच्या मॅचना गेलात यावर गुण देतात आणि जास्त गुणवाल्यांना आधी तिकीट देतात. वर्षानुवर्षं थंडीपावसात गेलेल्या माणसाचा मान त्यात राखला जातो. पण ज्याचं एकदाही तिकीट लागलं नाही, त्या पोरानं पहिला गुण कुठून आणायचा?

दुसरं टोक बंदीचं आहे. ल्युटन टाउननं १९८५ मधल्या दंगलीनंतर १९८६ पासून चार हंगाम पाहुण्यांना दारातच उभं केलं नाही. अर्जेंटिनात २०१३ मध्ये एका पाठीराख्याचा जीव गेला आणि लीगमधल्या पाहुण्या गॅलऱ्या बंद झाल्या. बंदी घालणं सोपं असतं, पण त्यानं खेळाचं अर्धं अंग लुळं पडतं. समोरच्या गॅलरीतून उत्तरच येणार नसेल, तर घोषणा द्यायच्या कुणाला?

महाराष्ट्रात या कुळकथेचं पान कोरं राहिलं, कारण पुण्याचे क्लब टिकले नाहीत. पहिली महा डर्बी १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. मुंबईनं पुण्याचा ५-० असा धुव्वा उडवला आणि आंद्रे मोरित्झनं लीगच्या इतिहासातली पहिली हॅट्‌ट्रिक केली. मुंबईची वेस्ट कोस्ट ब्रिगेड आणि पुण्याची ऑरेंज आर्मी यांचं वैर कुठे रंगात येऊ लागलं होतं. पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स एकामागून एक देशपातळीवरून गेले आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही संपला. सप्टेंबर २०२३ मध्ये बालेवाडीत आशियाई चँपियन्स लीगची मॅच झाली ती मुंबई सिटीची, इराणच्या नस्साजी माझंदरानविरुद्ध. मुंबईकरांना स्वतःच्या घरच्या मॅचसाठी घाट चढून परगावी यावं लागलं.

पण कोल्हापुरात हा प्रश्न जिवंत आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल असे पेठांचे संघ भिडतात, तेव्हा मैदान सगळ्यांचं एकच असतं. यजमान कुणीच नसतो आणि पाहुणाही कुणी नसतो. कोलकात्यात १९८० साली हेच होतं. हुल्लडबाजी झाली की पोलीस बंदोबस्त वाढतो, स्पर्धा थांबवण्यापर्यंत वेळ येते आणि नुकसान खेळाडूंचं होतं. दोन्ही तालमींचा वाटा आधी ठरवावा, तिकिटं त्यांच्यामार्फत नंबरानं विकावीत, गॅलरी आणि दारं वेगळी ठेवावीत आणि दारांची संख्या त्या बाजूच्या माणसांच्या प्रमाणात असावी. हे सगळं करायला मोठा खर्च लागत नाही. एक बैठक आणि प्रामाणिक हिशेब पुरतो.

पुण्यात उद्या पुन्हा मोठा क्लब उभा राहिला, तर त्याच्या पहिल्या कागदावर पाहुण्यांच्या खुर्च्यांचा आकडा असायला हवा. तो येणाऱ्या माणसांकडे बघून ठरवावा, बंदोबस्ताच्या सोयीकडे बघून नव्हे, आणि दर असा असावा की परगावच्या विद्यार्थ्यालाही झेपेल. इतरांनी हा धडा माणसं गमावून गिरवला आहे. आपल्याला तो नुसता वाचून घेता येईल.